मदत हवी आहे: हुकलेल्या क्रूझच्या क्रेडिटची मुदत वाढवून मिळते का?

मंडळी, क्रूझवाल्यांशी पत्रव्यवहार करून काही पदरात पडलंय अशा कुणाचा तरी सल्ला हवा आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये आई-बाबांची बार्सिलोनाहून सुटणारी क्रूझ होती. जहाज २५ तारखेला संध्याकाळी निघणार, आणि विमान २४ च्या पहाटेचं, मुंबई-दोहा-बार्सिलोना. म्हणजे एक रात्र हाताशी ठेवली होती, त्यामुळे "आदल्या दिवशी का नाही पोचलात" हा प्रतिसाद आधीच बाद! २३ जूनला इराणने कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी लष्करी तळावर क्षेपणास्त्रं डागली आणि कतारने हवाई हद्द बंद केली. काही तासांत ती उघडली, पण तोवर विमानांचा जो विचका व्हायचा तो झाला होता. यांना पुढची जागा मिळत होती २६ ची. जहाज वेळेवर निघून गेलं.

गोम इथेच आहे. क्रूझ रद्द झालीच नाही, प्रवासी आले नाहीत. कंपनीच्या लेखी 'नो शो'. बरीच पत्रापत्री केल्यावर त्यांनी 'सदिच्छा म्हणून' निम्म्या भाड्याचं क्रेडिट दिलं, म्हणजे रोख नाही, पुढच्या फेरीच्या भाड्यातून वळती होणारी रक्कम. मुदत ३० जून २०२६. मध्यंतरी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर ऑक्टोबरच्या आत लांबच्या प्रवासाला नाही म्हणतात. चॅटवर विचारलं की "मुदत वाढवता येत नाही" हे एकच वाक्य दरवेळी चिकटवतात. एजंट म्हणतो, "मे महिन्यात उरकून टाका." अहो, वॉकर घेऊन चालणारा माणूस मे महिन्यात जहाजाच्या शिड्या चढणार का?

मला खटकतंय ते असं. मार्च २०२० मध्ये याच धंद्याने केवढी लवचीकता दाखवली होती! रॉयल कॅरिबियनने जहाज सुटायच्या ४८ तास आधीपर्यंत बुकिंग रद्द करून क्रेडिट घ्यायची मुभा दिली होती. कंपनीनेच रद्द केलेल्या फेऱ्यांवर पूर्ण परतावा किंवा १२५ टक्के क्रेडिट, असा पर्याय होता. म्हणजे हे नियम काही काळ्या दगडावरची रेघ नव्हेत. मग दोन म्हाताऱ्या माणसांसाठी चार महिने का वाढवू नयेत? कुणाला लिहायचं, काय लिहायचं, आणि हे क्रेडिट माझ्या बहिणीच्या नावावर करता येतं का?

प्रतिसाद

विमा काढला होता ना? तिकडून बघा.

प्रतिसाद

वरच्यांना: विम्याच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास विम्यांत युद्ध आणि युद्धसदृश परिस्थिती वगळलेली असते. क्षेपणास्त्रांमुळे हद्द बंद झाली म्हटल्यावर ते पहिलं तेच कलम दाखवतील. तरी दावा करा, लेखी नकार फाइलला लावायला बरा.

प्रतिसाद

मी काही वर्षं जहाजावर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरला होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

२०२० चा दाखला पत्रात देऊ नका. १४ मार्च २०२० ला अमेरिकेच्या सीडीसीचा (तिथली रोगनियंत्रण संस्था) 'नो सेल', म्हणजे जहाजं न हाकारण्याचा, आदेश निघाला, जहाजं धक्क्याला बांधली गेली आणि लोकांचे पैसे रोख परत करावे लागले असते तर कंपन्यांचं कंबरडं मोडलं असतं. १२५ टक्क्यांमागे रोकड घरातच राहावी हा हिशोब होता. आज जहाजं भरून चालली आहेत. तुमच्या दोन जागांसाठी त्यांचं काहीही अडलेलं नाही, त्यामुळे तेव्हाचं औदार्य आज मागून मिळणार नाही.

मिळतं ते वेगळ्या वाटेने. आधी क्रेडिटचं पत्र नीट बघा. ३० जून ही बुकिंग करायची शेवटची तारीख आहे की प्रवास करायची? या दोन तारखा बऱ्याचदा निराळ्या असतात. बुकिंगची असेल तर मुदतवाढ मागायचीच गरज नाही. ३० जूनच्या आत ऑक्टोबरची किंवा पुढच्या वर्षीची फेरी बुक करा. पूर्ण रक्कम भरायची तारीख साधारण ७५ ते १२० दिवस आधी येते, तोवर बेत बदलता येतो. फक्त डिपॉझिट परत मिळणारं भाडं घ्या. स्वस्त भाड्यात डिपॉझिट अडकतं किंवा बदलाचे पैसे पडतात. बेत बदलला तर क्रेडिट मूळ मुदतीनिशीच परत येतं का, हे लेखी विचारून घ्या. तिथे बरेच जण फसतात.

प्रवासाचीच तारीख असेल, तर चॅटवाल्यांच्या हातात काही नसतं. बुकिंग एजंटमार्फत असेल तर कंपनी बऱ्याचदा थेट प्रवाशाशी बोलतच नाही. एजंटला कंपनीच्या विक्री प्रतिनिधीकडून मागणी टाकायला लावा. सोबत विमान रद्द झाल्याचं पत्र आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट. "मुदत वाढवा" असं मोघम लिहू नका. "अमुक जहाज, अमुक तारीख, केबिन आजच धरतो, क्रेडिट तेवढं लागू करा" असं लिहा. नवी विक्री समोर दिसली की अपवाद करणं त्यांना सोपं जातं. नाव बदलून बहिणीला देणं मात्र कठीण, अशी क्रेडिटं सहसा ज्याच्या नावावर त्यालाच.

आणखी एक. न वापरलेल्या तिकिटावरचे बंदर शुल्क आणि सरकारी कर बहुतेक कंपन्या परत करतात, पण मागितल्याशिवाय नाही. ते क्रेडिटमध्ये गुंडाळलेत का, विचारा.

धागाकर्ती

मनापासून आभार! पत्र काढून पाहिलं. ३० जून बुकिंगची तारीख आहे, प्रवास ३१ मार्च २०२७ पर्यंत. चॅटवरच्या एकानेही हे सांगितलं नव्हतं, एजंटचं तर सोडाच. कर-शुल्काचं आजच विचारते.

आता ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीची अथेन्सजवळच्या पिरेउसहून एक फेरी दिसतेय. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे तिथे वेळ आहे. पण मध्ये तुर्कस्तानातलं कुशादासी बंदर लागतं, आणि तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. म्हणजे शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा लागणार, एवढं कळलं. कुशादासीला उतरायला आपल्या पासपोर्टवर तुर्कस्तानचा वेगळा व्हिसा काढलाय का कुणी? बाबा म्हणतात ते जहाजावरच बसतील, पण आईला उतरायचंच आहे.