मदत हवी आहे: कुत्र्यांचं औषध मांजरांना घातक, इशारा लवकर कसा पोहोचवायचा?

इंदूरमध्ये कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध खोक्याशिवाय, सुट्या नळ्यांनी विकलं जातंय. नळीवर 'परमेथ्रिन' हे त्यातल्या कीटकनाशकाचं नाव भिंगाने वाचावं इतकं बारीक, आणि 'मांजरांना वापरू नये' ही सूचना खोक्याबरोबर गेलेली. मांजराचं यकृत हे रसायन नीट मोडू शकत नाही. काही तासांत अंग थरथरतं, झटके येतात. ताजं औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलेल्या मांजरालाही बाधा होऊ शकते.

नळीचे दोन्ही बाजूंचे फोटो, बॅच नंबर, मुदत आणि बिल (तेही कच्चंच!) जमवलंय. दुकानदाराला सांगून झालं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवली. दोन दवाखान्यांत सूचना लावली, पण तिथे लोक मांजर आजारी पडल्यावरच येतात.

औषध बनावट नाही, दोष सुट्या विक्रीचा आहे. म्हणून दुकानाचं किंवा कंपनीचं नाव पसरवायचं नाही. संदेश मराठी-हिंदीत हवा, वर तारीख हवी, नाहीतर वर्षभर तोच फिरत राहतो.

सुटी विक्री थांबवायला कोणी औषध निरीक्षकाकडे लेखी अर्ज दिलाय का? सोबत काय जोडलं? की आधी पशुपालन विभागाकडे जावं?