गाडीची विमा कंपनी बदलली तरी एनसीबी आपलाच
विमा कंपनी बदलली की नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, बुडतो असं कुणी म्हणत असेल तर तसं अजिबात नाहीये हो, एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. मी गेल्या वर्षी साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एजंटकडनं कंपनी बदलली, जुनी पॉलिसी नि रिन्युअल नोटीस दाखवली, ३५ टक्के तसाच्या तसा मिळाला. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर, थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागावर) नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की मात्र सगळा शून्य, तेवढी तारीख सांभाळा. आणि आधी क्लेम घेतला असेल तर प्लीज लपवू नका, नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते नि मग ऐन अपघातानंतर क्लेम अडकतो, माझ्या मेव्हण्याचं कराडला असंच झालं, फार वाईट वाटलं.