बिनबियांच्या काकडीत बिया कुठून आल्या?

शेडनेटवाला, निफाड
मंडळी, २० गुंठे शेडनेटात बिनबियांची काकडी आहे. नुसती मादी फुलं येणारी जात. पहिले तीन तोडे एक नंबर निघाले. आता मधल्या दोन ओळींत काही काकड्या देठाकडे सडपातळ नि खाली तांब्यासारख्या फुगलेल्या. एक उभी चिरली तर फक्त फुगीर भागात बिया, वर नुसता गर! व्यापाऱ्याने चार क्रेट बाजूला काढले. बियाण्यात भेसळ का? आणि पराग न लागता फळ धरतं तरी कसं?

रोपवाटिकेतला
भाऊ, बियाण्याला शिव्या देण्याआधी जाळी बघा. मादी फुलामागे बोटाच्या पेराएवढी काकडी असते ना, तेच त्याचं बीजांडकोश. गावठी जातीत पराग लागला नाही तर ती पिवळी पडून गळते. तुमच्या जातीत वाढीचं संप्रेरक, ऑक्सिन, बीजांडकोशातच पुरेसं असतं, म्हणून ती परागाची वाट न बघता फुगते. याला अनिषेकफलन म्हणतात. नोल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1902 साली याला नाव दिलं, तेही काकडीवरूनच.

पण पराग लागला तर बी धरतंच. परागनळी फुलाच्या टोकाकडून आत शिरते. पराग थोडाच पडला तर खालच्या बीजांडांपर्यंतच पोचते, आणि बी धरलेला तेवढाच भाग फुगतो. तुमची चिरलेली काकडी तेच सांगतेय. शेजारी गावठी काकडी आहे का?

(कलिंगडाशी गल्लत नको. बिनबियांच्या कलिंगडाला पराग लागतोच, म्हणून त्यात साध्या कलिंगडाचे वेल लावतात.)

परसदारची ताई
आमच्या रत्नागिरीकडच्या परसात तोंडलीचा एकच वेल, आजीने फाटा खोचून लावलेला. नर वेल आसपास नाही, तरी टोपलीभर तोंडली. हेही तेच का? करटोलीला मात्र नराचं फूल घासल्याशिवाय एक फळ धरत नाही.

रोपवाटिकेतला
ताई, नर खरंच जवळ नसेल तर तेच. तोंडलीत नर-मादी वेल वेगळे, म्हणून असा धरणारा मादी वेल फाट्यावरूनच पुढे नेतात.

शेडनेटवाला, निफाड
सापडलं. दाराच्या वरच्या कोपऱ्यात जाळी हातभर उसवलीय, बांधापलीकडे चुलत्यांची गावठी काकडी फुलावर आहे. आत सकाळी सकाळी सात-आठ मधमाश्या मोजल्या. सुतळीने शिवून टाकलं. आता चुलत्यांना काय सांगू, तुमच्या काकडीने माझी बाटवली म्हणून?