मदत हवी आहे: आईच्या गर्भाशयाच्या कॅन्सरनंतर जनुकीय तपासणी

नमस्कार. आई ४९ वर्षांची. मार्चमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता तब्येत बरी आहे. साडीच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद परवा चाळताना बायोप्सीच्या रिपोर्टची शेवटची ओळ दिसली: एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही प्रथिनं गाठीत आढळली नाहीत. याबद्दल आम्हाला कुणी काहीच बोललं नव्हतं. थोरले मामा ४४ व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले, ते आठवून धस्स झालं.

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, ही लिंच सिंड्रोमची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक जनुकीय दोषाची, खूण असू शकते. रक्ताच्या जनुकीय तपासणीनंतरच नक्की कळेल. आईत दोष निघाला तर मला आणि भावाला तो असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के. मग ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करत राहायची.

आम्ही सांगलीत राहतो. ही तपासणी कुणी करून घेतली आहे का? कुठे, खर्च किती आला, आईला मुंबईला न्यावंच लागेल की नमुना पाठवला तरी चालतो?

आणि मामेबहिणींना कसं सांगू? एकीचं लग्न ठरतंय, मामी विषयच काढू देत नाहीत. पण लपवणं मला पटत नाही. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया लिहा.