उच्चार सुधारायला क्लासच लावायला हवा? अजिबात नाही!

माणदेशी
परवा इथे एकाने ठामपणे लिहिलं की यूट्यूब बघून इंग्रजी उच्चार शिकणारे नुसते पोपट होतात, समोर शिक्षक असल्याशिवाय जीभ वळत नाही. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन समाधान होईना, म्हणून वेगळा धागा.

२००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. आमच्याकडे ते फळ्यावर आलं, कानावर नाही. सर धडा मराठीत समजावून सांगायचे आणि आम्ही प्रश्नोत्तरं उतरवून घ्यायचो. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' हे दोन वेगळे उच्चार आहेत हे मला कॉलेज संपल्यावर एका व्हिडिओतून कळलं. त्यातल्या बाईंनी कॅमेरा अगदी ओठांजवळ आणला होता. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा घासत बाहेर पडते. दुसऱ्यात दातांचं काही कामच नाही, ओठ गोल होऊन पुढे येतात. मोबाइल आरशाला टेकवून, वेग कमी करून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचो. भरलेल्या वर्गात एका पोरासाठी इतक्या वेळा ओठ दाखवणारा शिक्षक मला दाखवा.

खडूफळा
मी क्लास घेते, त्यामुळे बोलणी खायची तयारी ठेवून लिहिते. ओठ दिसतात हो, पण जीभ दिसते का? आपला ट म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते, इंग्रजीतला ट वरच्या दातांमागच्या हिरडीवर होतो. शिवाय 'पिन'मधल्या प बरोबर हवेचा झोत येतो, 'स्पिन'मध्ये येत नाही. मराठीत प आणि फ वेगळे असूनही हा झोत आपल्या कानाला इंग्रजीत जाणवत नाही. जी चूक ऐकूच येत नाही, ती स्वतःची स्वतः कशी पकडणार?

माणदेशी
तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची. 'पिन'ला ती हलते, 'स्पिन'ला जवळजवळ हलत नाही. हेही व्हिडिओतच शिकलो. आणि तपासायला फोनवर बोलून टाइप करायची सोय आहे. 'व्हेस्ट' म्हटल्यावर त्याने 'वेस्ट' लिहिलं, की समजायचं.

खडूफळा
फोन आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतो. अख्खं वाक्य बोललात तर चुकीचा उच्चारही बरोबर लिहून देईल. त्यात भाषा भारतीय इंग्रजी ठेवली असेल तर आपला ट त्याला चालतोच. ही तपासणी नव्हे.

दूरदेशी
न्यू जर्सीहून. ट-ड वर एवढी डोकेफोड कशाला? माझा ट अजून अस्सल सोलापुरी आहे, त्यावरून कुणाचं अडलं नाही. अडलं ते आघातावर. मीटिंगमध्ये मी 'डेव्हलप' हा शब्द आपल्या पद्धतीने 'डे'वर जोर देऊन म्हणत होतो, समोरचा तीनदा 'काय?' म्हणाला. जोर 'व्हे'वर हवा. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. हे ना शाळेने शिकवलं, ना क्लासने.

शाईपेन
थोडं अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. हे मराठी व्हिडिओवाले पडद्यावर देवनागरीत उच्चार लिहितात ते आधी बंद करा. 'थिंक' लिहिलं की पोरगं आपला थ म्हणतं. इंग्रजीत जिभेचं टोक दातांत येतं आणि हवा वाहती राहते, आपल्या थ मध्ये ती अडते आणि मग सुटते. 'झू' लिहिलं की झाडातला झ. तो ध्वनी आहे का तिथे?

माणदेशी
मग काय लिहायचं? आमच्यासारख्यांना देवनागरीनेच हात दिला. 'अबाउट'मधला पहिला स्वर आपल्या अ च्या अगदी जवळ आहे. रोमन अक्षर बघून अर्धा वर्ग 'एबाउट' म्हणायचा. ॲ आणि ऑ तर आपण इंग्रजी शब्दांसाठीच घेतले ना?

शाईपेन
दोन चिन्हं घेतली म्हणजे काम झालं? आघात कुठे दाखवणार? सरळ आयपीए, म्हणजे प्रत्येक ध्वनीला वेगळं चिन्ह देणारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, शिका. ब्रिटिश इंग्रजीचे सगळे मिळून साधारण ४४ ध्वनी. बाराखडी पाठ करणाऱ्या पोराला ते जड नाहीत.

माणदेशी
गावात राहून बघा, मग आयपीए सांगा.

शाईपेन
गाव मध्ये आणू नका. माझं शिक्षण आश्रमशाळेत झालं. गावच्या पोराला जमणार नाही हे तुम्हीच ठरवताय, शहरातले नाही.

दूरदेशी
देवनागरीतच आघाताचं अक्षर ठळक करा. दोघांचंही भागेल.

शाईपेन
थ आणि झ चं काय भागलं त्यात?

सरळसोट
मुळात एवढी उठाठेव कशासाठी? फ्रेंच माणूस फ्रेंच ढंगाने इंग्रजी बोलतो, त्याला कुणी हसत नाही. पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला माझ्या भावाचे उच्चार ऐकून समोरचे दोघे गालात हसले. दोघेही मराठी! आधी त्यांना सुधारा. आणि खडूफळा ताई, फी किती घेता तेही सांगून टाका.

खडूफळा
फी विचारायचं कारण? जिल्हा परिषदेची मुलं माझ्याकडे फुकट बसतात. भावाचं वाईट वाटलं, पण तो राग माझ्यावर काढू नका.

माणदेशी
फीचं मीही म्हटलेलं नाही, ते मागे घ्या. मुलाखतीतल्या हसण्याचं मात्र शंभर टक्के खरं आहे. त्या हसण्यामुळेच पोरं चारचौघांत तोंड उघडत नाहीत आणि खोलीचं दार लावून व्हिडिओ बघतात. तिथे चुकलं तर ऐकणारं कुणी नसतं.

खडूफळा
हे मान्य. लाज जाईपर्यंत व्हिडिओ बरे. पण मग स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी लावून ऐका, आणि महिन्यातून एकदा तरी कुणा जाणकाराला ऐकवा.

माणदेशी
ऐकवेन. क्लास लावणार नाही.

शाईपेन
झ बद्दल अजून कुणीच बोललेलं नाही.