शब्दचर्चा : ‘परत पाठवा’ म्हणजे पुन्हा की माघारी?

नमस्कार मंडळी,

मोबाईलच्या पडद्यावर येणारी मराठी तपासून देणं हे माझं रोजचं काम. जळगावात घरी बसून करते. गेले दोन आठवडे एकाच शब्दापाशी अडले आहे, म्हणून इथे विचारते. शब्द साधा आहे : ‘परत’.

आधी काय घडलं ते सांगते. माझे मोठे काका, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, यावल तालुक्यात केळी लावतात. घड कापायला आलेल्या एका मजुराला ते मोबाईलवरून १,२०० रुपये पाठवत होते. बागेत रेंज जेमतेम. आकडा टाकला, पिन टाकला, बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं आणि मग पडद्यावर आलं ‘व्यवहार प्रलंबित’. खाली एकच निळं बटण : ‘परत पाठवा’. आप्पांना वाटलं, पैसे मधेच अडकलेत, हे दाबलं की माघारी आपल्या खात्यात येतील. दाबलं. पिन मागितला, तोही दिला. थोड्या वेळाने मजुराच्या फोनवर लागोपाठ दोन मेसेज आले, दोन्ही १,२०० चे.

मजूर सरळ माणूस. संध्याकाळी बाराशे रुपये रोख घेऊन घरी आला आणि म्हणाला, “आप्पा, हे परत घ्या.” या वेळी ‘परत’चा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. समोर माणूस होता, हातात नोटा होत्या.

आप्पा रोज पेपर वाचतात. बटणावरचं त्यांनी बरोबर वाचलं आणि अर्थही मराठीतला बरोबरच लावला. परतफेड, परतावा, परतीचं तिकीट, कपाशीची बोंडं भिजवणारा परतीचा पाऊस, या सगळ्यांत ‘परत’ म्हणजे माघारी. ‘परत परत तेच काय सांगतोस’ यात मात्र ‘परत’ म्हणजे पुन्हा. कांदा परततो तेव्हा तर उलथापालथ करतो. ओटीपी आला नाही की तिथेही ‘परत पाठवा’च लिहिलेलं असतं आणि तिथे कुणाचं काही बिघडत नाही, कारण ओटीपी माघारी पाठवायची वस्तूच नाही. पैसे दोन्हीकडे जातात.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, तो पैसे जाताना लागतो. ‘पैसे परत मिळवायला पिन टाका’ असं फोनवर सांगूनच किती लोकांना गंडवतात. अशा वेळी ॲपनेच दुअर्थी शब्द वापरला, तर माणसाने ओळखायचं कशावरून?

तुमच्या भागात काय म्हणतात? आणि ‘पुन्हा पाठवा’ लिहिलं तर भागेल का?

*

अमळनेरहून

ताई, तीस वर्षं मराठी शिकवली, त्यावरून थोडं सांगतो. ‘परत’चा अर्थ पुढचं क्रियापद ठरवतं. ‘परत सांग’, ‘परत वाच’, ‘परत लिही’ यांत पुन्हा. ‘परत दे’ किंवा ‘परत घे’ म्हटलं की बहुधा माघारी. घोळ होतो तो येणं, जाणं, पाठवणं, आणणं अशा हलण्याच्या क्रियापदांशी. ‘परत ये’ म्हणजे माघारी ये की आणखी एकदा ये? बोलताना आवाजाच्या हेलावरून कळतं. बटणाला हेल नसतो.

तेव्हा ‘पुन्हा’ लिहाच. पण त्याआधी तो ‘प्रलंबित’ काढा. आमच्याकडे तो शब्द फक्त कोर्टाच्या तारखांसोबत ऐकू येतो. बँकेबाहेर उभे राहून ऐका, लोक म्हणतात, ‘पैसे कटले पण तिकडे पोचले नाहीत’, नाहीतर ‘अडकले’. अहिराणीत तर एवढंच विचारतात, ‘पैसा गयात का?’ पडद्याने आधी याचं उत्तर द्यावं, पुढचं मग बोलावं.

शहाद्याहून

आमच्या बचत गटात पंधरा जणी आहेत, पडद्यावर काय आलंय ते मी वाचून दाखवते. सगळ्यांत जास्त अडतो तो ‘रद्द करा’. एकीने कर्जाचा अर्ज भरला होता. चुकून बोट लागलं आणि विचारलं गेलं, ‘अर्ज रद्द करायचा आहे?’ खाली दोन बटणं, ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. तिला अर्ज ठेवायचा होता. आता सांगा, तिने काय दाबावं? ती ‘ठीक आहे’ म्हणाली, अर्ज गेला. ‘अर्ज राहू द्या’ आणि ‘अर्ज काढून टाका’ असं लिहिलं असतं, तर मला विचारायचीही गरज पडली नसती.

‘पुष्टी करा’ हेही तसंच. पुष्टी म्हणजे पोषण, बळकटी. मुद्द्याला पुष्टी मिळते. पण ‘रकमेची पुष्टी करा’ हे हिंदीतून आलंय. आमच्या बाया ‘नक्की ना?’ म्हणतात.

आणि ‘अंगठा’. देशातलं पहिलं आधार आमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. तेव्हापासून अंगठा लावणं रोजचं झालं. पण निंदणी-वेचणी करून झिजलेल्या बोटांचा ठसा मशीनला कळत नाही, आणि मशीन लिहितं ‘प्रमाणीकरण अयशस्वी’. बाई समजते, आपलं नाव कापलं गेलं. ‘ठसा नीट उमटला नाही, दुसरं बोट लावा’ एवढं लिहायला काय हरकत आहे?

मूळचा धुळ्याचा, सध्या नैरोबीत

इकडचं सांगतो, कारण अडचण तीच आहे. केनियात २००७ पासून एम-पेसा चालतं, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय, साध्या बटणांच्या फोनवरही. स्वाहिलीत ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच. जर्मनांच्या काळात इथल्या शेजारच्या मुलखात ६४ पेशांचा एक रुपया होता, जसा आपल्याकडे पूर्वी ६४ पैशांचा.

२०१५ मध्ये त्यात एक सोय आली, ‘हाकिकिशा’, म्हणजे खात्री करून घ्या. मुळात तो आपल्या ‘हकीकत’च्याच घरातला शब्द. पैसे पाठवताना समोरच्याचं नाव दिसतं आणि चुकीचं असेल तर थांबवायला काही सेकंद मिळतात. इथे बाजारात बाया नाव मोठ्याने वाचतात, मगच जाऊ देतात.

*

धागाकर्ती

मास्तर, ताई, दादा, तिघांचेही आभार. क्रियापदाचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, लगेच वहीत उतरवून घेतला.

बंगळुरूत कमी शिकलेल्या लोकांसोबत बसून झालेलं संशोधन मी वाचलं होतं. एका यादीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी असली की माणूस हरवतो, असं त्यात आढळलं. चित्रं आणि आवाज ठेवले की बरंच सोपं जातं. तेव्हापासून मी चित्रांवर भर देत आले. पण पैसे माघारी येतील की दुसऱ्यांदा जातील, हे एका बाणाने दाखवता येत नाही. तिथे शब्दच लागतो.

आणखी थोडं शोधलं. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे : यूपीआयने एका माणसाकडून दुसऱ्याला जाणारे पैसे खात्यातून कटले आणि पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप खात्यात यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे आप्पांना त्या क्षणी काहीच दाबायची गरज नव्हती. त्यांना कुणीतरी ‘थांबा’ म्हणायला हवं होतं.

म्हणून आता असा मजकूर पाठवते आहे : ‘पैसे अजून पोचले नाहीत. थांबा. पोचलेच नाहीत तर उद्यापर्यंत तुमच्या खात्यात माघारी येतील.’ त्याखाली बटण ठेवायचंच असेल तर ‘आणखी १,२०० रुपये पाठवा’.

काल हे आप्पांना फोनवर वाचून दाखवलं. ‘आणखी’ ऐकल्याबरोबर म्हणाले, “हां, हे मी दाबलं नसतं.” मग जरा थांबून विचारलं, “आणि त्यात त्या पोराचं नाव कुठंय? चार जण घड कापत होते. कुणाचे पोचले नाहीत, ते नको कळायला?”

नाव घालून मजकूर पुन्हा लिहिते आहे.