अंगणातले दगड, जांबाची (पेरूची) फांदी आणि बदामाची पानं फिश टँकमधे टाकली तर चालतील का?

परभणीची_मासोळी
नमस्कार सगळ्यांना. पोरीसाठी दोन फुटी टँक आणलाय, पाणी साधारण 50 लिटर बसतं, 8 गप्पी आहेत आणि पुढं निऑन टेट्रा घ्यायचा विचार आहे. दुकानातला तो प्लॅस्टिकचा किल्ला अन् निळे खडे मला बघवत नाहीत. आमच्या अंगणात विहीर खोदली तवाचे काळे दगड पडलेत, काहींवर पांढरे ठिपके आहेत, पाण्यात बुडवले की लई सुंदर दिसतात. जांबाची एक वाळलेली वाकडी फांदी आहे आणि बदामाची पानं तर रोज टोपलंभर झाडून काढते. सगळं धुऊन टाकू का? घरचे म्हणायलेत मासे मरतील. पाणी बोअरचं आहे, पातेल्याला आतून पांढरा थर चढतो.

जालना_जलचर
ताई, काळा दगड म्हणजे आपला बेसाल्ट, तो खुशाल टाका, पाण्यात काही सोडत नाही. पण ते पांढरे ठिपके बघून घ्या. आपल्या दगडाला जी छिद्रं असतात ती कुठं गारगोटीनं, कुठं झिओलाइटनं तर कुठं कॅल्साइटनं, म्हणजे चुन्याच्या खनिजानं, भरलेली असतात. गारगोटी असली तर काही होत नाही, कॅल्साइट मात्र हळूहळू पाण्यात उतरतं आणि पाणी अजून जड, म्हणजे क्षारांचं, होतं, अन् तुमचं आधीच जड आहे.

दगड कोरडा करायचा, ठिपका खिळ्यानं जरा खरवडायचा आणि वर व्हिनेगरचे चार थेंब सोडायचे. बारीक बुडबुडे उठले, कान जवळ नेल्यावर चुर्र ऐकू आलं की तो दगड बाजूला. व्हिनेगर नसलं तर लिंबू पिळा.

हे एवढं कळकळीनं सांगायलो कारण मी काळ्या मातीखाली लागतात ते चुनखडीचे गोटे टाकले होते, दिसायला एकदम भारी. मासे हळूहळू सुस्तावले, रोज सकाळी एखादा तळाशी दिसायचा. टेस्ट किट आणून बघितलं तर जडपणा पार वर गेलेला. गप्पी, मॉलीला जड पाणी मानवतं, निऑन मऊ पाण्यातला मासा आहे, तुमच्या बोअरच्या पाण्यात तो घेऊच नका.

आणि दगड उकळायचा नाही! आत पाणी मुरलेलं असलं तर तडकून फुटतो. ब्रशनं घासा, साबण अजिबात नको, वरून कढत पाणी ओता.

नांदेडचा_टँकवाला
दादांनी दगडाचं सांगितलंच, मी फांदीचं सांगतो. जांबाचं लाकूड कठीण असतं, चांगलं टिकतं, पण पूर्ण वाळलेलं पाहिजे. साल सगळी काढा, नाहीतर पाण्यात सडून लोंबते. उकळत्या पाण्यातून काढून दोन-तीन आठवडे बादलीत बुडवून ठेवा आणि पाणी बदलत राहा. टँकमधे टाकल्यावर वर पांढरी बुळबुळीत बुरशी येईल, घाबरू नका, आपोआप जाते, गप्पी पण खातात. वजनासाठी शहाबादी फरशीचा तुकडा बांधू नका बरं का, ती चुनखडकच आहे.

पानं आपल्या मोठ्या पानाच्या बदामाचीच, लाल होऊन गळलेली आणि कडक वाळलेली. एवढ्या पाण्याला एक-दोन पुरे. पाणी तपकिरी होतं, त्यानं माशाला काही त्रास नाही. पानाची नुसती जाळी उरली की बदला. पान टाकल्यानं बोअरचं पाणी मऊ होतं असं बरेच जण सांगतात, पण एवढ्या जड पाण्यात दोन पानांनी तसा फरक पडत नाही.

रुई, कण्हेर, निलगिरी यातलं काही नको. कापसाच्या बांधावरून तर काहीच उचलू नका, फवारणी झालेली असते.

परभणीची_मासोळी
दोघांचेही मनापासून आभार. काल पोरीला घेऊन ओट्यावर बसले, 11 दगड ओळीनं मांडले आणि एकेकावर लिंबू पिळलं. 4 दगड चुर्र करायले, ती प्रत्येकाला कान लावून बघायची. ते चारही तुळशीच्या कट्ट्याला लावले, बाकीचे 7 घासून ठेवलेत. निऑनचा विचार सोडला, मॉलीच घेणार. फांदी बादलीत तरंगायली म्हणून वर वरवंटा ठेवलाय, एका रात्रीत पाणी कोऱ्या चहासारखं झालं. आज पहिलं पाणी बदललं.